डावा बॅक आत आला की बाहेरून गोल का होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फुटबॉलचा १९ वर्षांखालील संघ, रचना ४-३-३, म्हणजे चार बचावपटू, तीन मध्यरक्षक, तीन पुढचे. डाव्या बॅकला, म्हणजे डाव्या कडेच्या बचावपटूला, मधल्या फळीत आणायला सुरुवात केल्यापासून चेंडू जास्त वेळ आपल्याकडे राहतो. पण तो सुटला की समोरचा संघ आपल्या डाव्या कडेच्या मोकळ्या जागेत लांब पास टाकतो आणि गोल होतो. बॅकला लवकर परतायला शिकवायचं, की हा प्रकारच सोडून द्यायचा?

दोन्ही नको. लवकर परतायला शिकवण्यात तर वेळच वाया जाईल, कारण ते अंतर कापून होत नाही. हिशेब करून पाहा. आत आलेला बॅक डाव्या टचलाइनपासून (मैदानाच्या लांब कडेच्या रेषेपासून) साधारण २० मीटरवर उभा असतो. समोरचा उजवा विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा खेळाडू, टचलाइनला लागून, आपल्या गोलच्या दिशेने धाव घेण्याच्या तयारीत. बॅकला त्याला अडवायचं तर १५ मीटर आडवं आणि २० मीटर मागे, म्हणजे तिरक्यात २५ मीटर पळावं लागतं, तेही आधी अंग वळवून. चांगल्या वेगाच्या मुलालाही याला ४ सेकंद लागतात. ३५ मीटरचा नीट मारलेला पास २ सेकंदांत पोहोचतो. उरलेल्या २ सेकंदांत विंगर चेंडू घेऊन १०-१२ मीटर पुढे गेलेला असतो. ओरडून, शिक्षा म्हणून धावायला लावून हे गणित बदलत नाही.

म्हणून तो लांब पास सुटूच नये, आणि सुटलाच तर पोहोचेल तिथे दुसरा कोणीतरी आधीपासून असावा, अशी बांधणी लागते. आत येणाऱ्या बॅकचं काम तिथूनच सुरू होतं. चेंडू आपल्याकडे असताना तो पासचा एक जास्तीचा पर्याय देतो हे खरं, पण त्याला आत आणण्याचं मोठं कारण चेंडू गमावण्याच्या क्षणाशी बांधलेलं आहे. मैदानाच्या मध्यात चेंडू सुटला तर तिथे लगेच झडप घालायला दोन माणसं हवीत आणि त्यांच्या मागे तीन हवेत. या पाच जणांची जागा पक्की नसेल तर बॅक आत येऊन फायद्यापेक्षा तोटाच जास्त करतो.

तुमच्या बाबतीत पहिली शंका उजव्या बॅकवर आहे. डावा आत आला आणि उजवा नेहमीसारखा ओव्हरलॅप करत, म्हणजे विंगरच्या बाहेरून पळत, वर गेला, तर मागे फक्त दोन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) उरतात. व्हिडिओ असेल तर गोल बघत बसू नका. चेंडू ज्या क्षणी सुटला त्या क्षणी चित्र थांबवा आणि चेंडूच्या मागे असलेली आपली माणसं मोजा. गोलरक्षक सोडून पाच दिसली पाहिजेत. चार दिसली तर दोष बहुतेक वेळा आत आलेल्या मुलाचा नसतो, पलीकडच्या बाजूचा असतो.

पुढे जाण्याआधी एक गल्लत दूर करू, कारण मुलांच्या डोक्यात ती हमखास असते. ‘इन्व्हर्टेड विंगर’ म्हणजे उलट्या पायाचा विंगर. आर्येन रॉबेन डाव्या पायाचा असून उजव्या कडेला खेळायचा आणि आत वळून फटका मारायचा. ‘इन्व्हर्टेड फुल-बॅक’मध्ये पायाचा संबंध नाही, जागेचा आहे: संघाकडे चेंडू असताना बॅक कडेने वर न जाता आत, बचावात्मक मध्यरक्षकाच्या शेजारी येतो. डाव्या पायाचा डावा बॅकही इन्व्हर्टेड असू शकतो. बायर्न म्युनिकमध्ये हे दोन्ही प्रकार एकाच संघात होते. पेप गार्डिओला २०१३ ते २०१६ तिथे प्रशिक्षक होता. त्या काळात फिलिप लाम, डेव्हिड अलाबा, राफिन्या हे बॅक आत यायचे आणि कडेला रॉबेन, रिबेरी समोरच्या बॅकशी एकास एक भिडायचे. बॅकने बाहेरून ओव्हरलॅप केला असता तर त्याच्या मागे समोरचा आणखी एक माणूस रिबेरीजवळ आला असता. तो आत गेला म्हणून रिबेरीला मोकळी जागा मिळाली.

आता जागेचं मोजमाप. पूर्ण आकाराचं मैदान १०५ बाय ६८ मीटरचं असतं. पेनल्टी बॉक्सची रुंदी ४०.३२ मीटर, गोल एरियाची १८.३२. या रेषा मैदानभर लांबवल्या तर पाच उभे पट्टे पडतात: दोन्ही कडांना १३.८४ मीटरचे, त्यांच्या आत ११-११ मीटरचे आणि मध्ये १८.३२ मीटरचा. कडेच्या आतल्या ११ मीटरच्या पट्ट्याला हाफ-स्पेस म्हणतात. डाव्या बॅकने यायचं ते या हाफ-स्पेसच्या आतल्या अर्ध्या भागात. पिव्होटने, म्हणजे बचावात्मक मध्यरक्षकाने, तेव्हा दोन-चार पावलं उजवीकडे सरकायचं. दोघांत १० ते १२ मीटर अंतर राहावं, आणि दोघं एका आडव्या रेषेत कधीही नसावेत. एक तीन-चार मीटर पुढे, एक मागे. एका रेषेत उभे राहिले की समोरचा एकच स्ट्रायकर नुसता पावलं सरकवून दोघांकडे जाणारे पास झाकतो. शिवाय एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा आडवा पास मध्येच कापला गेला तर दोघंही एकाच वेळी मागे पडतात. मैदानावर होणाऱ्या चुकांपैकी सगळ्यात महाग चूक ही आहे.

मागच्या तिघांबद्दल. उजवा बॅक वर जात नाही, तो आत सरकून तिसरा सेंटर-बॅक होतो. डावा सेंटर-बॅक बाहेर सरकतो, साधारण पेनल्टी बॉक्सच्या डाव्या कडेच्या रेषेपर्यंत. तिघांत १५ ते १८ मीटरची अंतरं पडतात. लांब पास ज्या जागेत येतो ती जागा आता डाव्या सेंटर-बॅकची आहे, हे त्याला आणि गोलरक्षकाला शब्दांत सांगावं लागतं. ‘ती बॅकची बाजू आहे’ या सवयीपायी तो मध्येच उभा राहतो आणि धाव सुटल्यावर निघतो. त्याची पहिली दोन पावलं चेंडू सुटताच मागे आणि बाहेर पडायला हवीत, पास हवेत असताना नाही. हा मुलगा पळायला मंद असेल तर मी डाव्या बॅकला आत आणणार नाही. त्याऐवजी उजव्याला आत आणून डाव्याला मागे ठेवेन.

आत आलेल्या बॅकचं काम पहिल्या एक-दोन सेकंदांचं आहे. चेंडू जवळ सुटला तर सरळ चेंडूवर जायचं. जिंकता आला नाही तरी समोरच्याचं तोंड त्याच्याच गोलकडे राहिलं, तर लांब पास मारता येत नाही. चेंडू लांब सुटला, १५ मीटरपेक्षा दूर, तर चेंडूमागे न धावता आपल्या गोलच्या दिशेने, मधोमध धावायचं. टचलाइनकडे धावायचं नाही. कड डावा सेंटर-बॅक सांभाळतोय, त्याने सोडलेली मधली जागा याने भरायची. ही अदलाबदल एकदा मुलांच्या अंगात भिनली की तुमच्यावर होणारे निम्मे गोल थांबतील.

यानंतर बाहेरचा माणूस. बॅक आत आला की कडेची पूर्ण रुंदी विंगरची. त्याचे बूट टचलाइनच्या पांढऱ्या रेषेजवळ हवेत. मुलं इथे फार चुकतात. चेंडू मिळत नाही म्हणून विंगर आत येतो, मग समोरचा बॅकही आत येतो. आता आपला बॅक, आपला विंगर, डावीकडचा आठ नंबर (पुढे जाऊन खेळणारा मध्यरक्षक) आणि समोरचे चार असे सात जण १२ मीटरच्या चौकोनात गोळा होतात. त्या गर्दीत चेंडू सुटणारच, आणि सुटल्यावर बाहेर रिकामं रान. आठ नंबरलाही वेगळी सूचना लागते: बॅक आत आला की याने वर, समोरच्या मधल्या फळीच्या मागे जायचं. मँचेस्टर सिटीच्या २०१७-१८च्या संघात ही मांडणी स्वच्छ दिसते. बेंजामिन मेंदीला सप्टेंबरमध्ये गुडघ्याची मोठी दुखापत झाली आणि मूळचा मध्यरक्षक फेबियन डेल्फ डावा बॅक झाला. तो फर्नांडिन्योच्या शेजारी यायचा, काइल वॉकर मागे थांबायचा, डेव्हिड सिल्वा आणि केविन डी ब्रॉयने वर मोकळे, कडेला साने आणि स्टर्लिंग. त्या मोसमात सिटीने प्रीमियर लीगमध्ये १०६ गोल केले, २७ खाल्ले आणि १०० गुण मिळवले.

आत कधी यायचं, हा भाग सगळ्यात नाजूक आहे आणि इथे घाई झाली की सगळं फिसकटतं. गोलकिकच्या वेळी बॅकने बाहेरच उभं राहावं. तो पहिल्यापासून आत असेल तर समोरचा विंगर त्याला सोडून थेट आपल्या डाव्या सेंटर-बॅकवर चालून येतो आणि सेंटर-बॅकला बाहेर पासच उरत नाही. चेंडू उजव्या सेंटर-बॅककडे किंवा गोलरक्षकाकडे जात असताना, म्हणजे सगळ्यांच्या नजरा पलीकडे असताना, आत सरकायचं. चेंडू परत डाव्या सेंटर-बॅककडे येईपर्यंत बॅक जागेवर पोहोचलेला, अंग अर्धं वळवलेला आणि खांद्यावरून मागे एकदा पाहून झालेला हवा. डावा सेंटर-बॅक दबावाखाली असेल आणि चेंडू त्याच्या पायाशी असेल, तर बॅकने जागा सोडायची नाही. तेव्हा तो बाहेरचा सोपा पास आहे.

वेळ बरोबर साधली की समोरच्या उजव्या विंगरची कोंडी होते. तो बॅकच्या मागे आत गेला तर सेंटर-बॅककडून आपल्या विंगरपर्यंत सरळ रस्ता उघडतो. तो बाहेर राहिला तर आत बॅक मोकळा. मुलांना एवढंच शिकवा: ‘विंगर तुझ्यामागे आला का?’ आला तर तू चेंडू मागू नकोस, त्याला आणखी आत ओढ. नाही आला तर मागून घे. पुष्कळ बॅक समोरचा चिकटलेला असतानाही हात वर करून चेंडू मागत राहतात आणि सेंटर-बॅक भिडस्तपणे देतोही. अशा वेळी चेंडूला स्पर्शही न केलेला बॅक जास्त उपयोगाचा असतो, हे त्याला पटवून द्यावं लागतं.

पायाचा प्रश्न उरतोच. डाव्या पायाचा मुलगा डाव्या हाफ-स्पेसमध्ये आला तर त्याचं अंग टचलाइनकडे उघडतं. विंगरला पहिल्या स्पर्शात पास सोपा, पण उजवीकडे वळताना चेंडू कमकुवत पायावर येतो. उजव्या पायाचा मुलगा डावीकडून आत आला की त्याला अख्खं मैदान दिसतं आणि पलीकडच्या विंगरला तिरका लांब पास मारता येतो. जुआंव कान्सेलो सिटीकडून डावीकडे खेळताना हेच करायचा. त्याची किंमत बचावात द्यावी लागते: टचलाइनजवळ समोरच्याला अडवताना आणि चेंडू बाहेर काढताना उलटा पाय आड येतो. याच जागी खेळलेले झिंचेन्को आणि डेल्फ दोघेही डाव्या पायाचे. त्यामुळे पाय हा निवडीचा पहिला निकष नको. पाठीवर माणूस असताना चेंडू घेता येतो का, हा निकष लावा. म्हणूनच या जागेवर मूळचे मध्यरक्षक जास्त टिकतात. आर्सेनलच्या अकादमीत मध्यरक्षक म्हणून घडलेला माइल्स लुइस-स्केली २०२४-२५मध्ये डावा बॅक म्हणून पुढे आला, तो याच गुणावर. तुमच्याकडचा डावा बॅक मूळचा विंगर असेल, वेग हीच त्याची ताकद असेल, तर त्याला आत कोंबू नका. तो गुदमरेल.

हीच कल्पना वेगवेगळ्या संघांनी आपापल्या माणसांनुसार वळवली. लिव्हरपूलचं उदाहरण मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. २०१८-१९मध्ये त्यांचे दोन्ही बॅक कडेने वर जाणारे होते. लीगमध्ये उजवा बॅक ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डचे १२ आणि डावा बॅक रॉबर्टसनचे ११ असिस्ट (गोलसाठी दिलेले शेवटचे पास) होते. एप्रिल २०२३मध्ये अ‍ॅनफिल्डवर आर्सेनलविरुद्ध ट्रेंटला उजवीकडून आत आणलं गेलं. रॉबर्टसन मागे थांबून तिसरा झाला. तो सामना २-२ सुटला. तो धरून मोसमाच्या शेवटापर्यंत लीगचे १० सामने झाले, त्यांत ७ विजय, ३ बरोबरी, हार एकही नाही. केलेले गोल २७, खाल्लेले १४. सगळे १४ याच कारणाने झाले असं नाही, पण उजव्या सेंटर-बॅकवर, म्हणजे कोनाटेवर, केवढी जागा सांभाळायची पाळी यायची ते त्या सामन्यांत पुन्हा पुन्हा दिसतं. तुमचीच तक्रार, फक्त उलट्या बाजूला. मैदानाच्या मध्यातून ट्रेंटचा पास मिळवण्यासाठी ती किंमत त्यांनी समजून-उमजून मोजली. तुमच्या बॅककडे तसा पास आहे का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.

त्याच मोसमात सिटीने ही किंमत कमी करण्याचा मार्ग काढला. मोसमाच्या मध्यात रिको लुइस हा तरुण उजवा बॅक आत यायचा. पुढे हे काम जॉन स्टोन्सकडे आलं, जो मुळात सेंटर-बॅक आहे. मागे उरणारे अकांजी, दियास आणि अके हेही सेंटर-बॅकच. म्हणजे चेंडू सुटला तर मागचे तिघेही एकास एक लढायची सवय असलेले. १० जून २०२३ला इस्तंबूलमधल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात इंटरविरुद्ध हीच मांडणी होती, कडेला ग्रीलिश आणि बर्नार्दो सिल्वा. रोद्रीच्या ६८व्या मिनिटाच्या गोलवर सिटी १-० जिंकली.

दोन्ही बॅक एकदम आत आणणं हा टोकाचा प्रकार. टॉटनहॅममध्ये अँज पोस्टेकोग्लूने २०२३-२४मध्ये पोरो आणि उडोगी दोघांनाही आत खेळवलं. मागे फक्त दोन सेंटर-बॅक. ते चाललं ते त्यांतल्या एकाच्या, मिकी फान द व्हेनच्या, वेगावर. नोव्हेंबरमध्ये चेल्सीविरुद्ध त्याचा स्नायू दुखावला आणि तो सुमारे दोन महिने बाहेर बसला, तेव्हा त्या मांडणीचा आधारच गेला. १९ वर्षांखालील संघाने याच्या वाटेला जाऊ नये.

समोरचा संघ कसा उभा आहे त्यावरही ठरवा. ४-४-२ किंवा ४-२-३-१ असेल तर एक बॅक आत आणणं फळतं, कारण त्यांच्या दोन पुढच्यांसमोर आपले मागचे तीन आणि मधले दोन असे पाच पडतात. मधली फळी हिऱ्याच्या आकारात, चौघंही मध्ये असतील तर आत जाऊन गर्दीत भर घालू नका. तिथे मोकळी जागा बाहेरच असते, बॅकने कडेने वर जावं. समोरचे माणसागणिक प्रेस करत असतील, म्हणजे आपल्या प्रत्येकावर एकेक जण चालून येत असेल, तर बॅकला आत पाठवा, पण पास त्याला न देता त्याने उघडलेल्या रस्त्याने विंगरला द्या.

मैदानाची रुंदी मात्र आधी मोजा, टेप लावून. आपल्याकडे स्थानिक सामने ज्या मैदानांवर होतात त्यांतली बरीच ६८ मीटर रुंद नसतात. नियमांनुसार ४५ मीटरपर्यंत चालतं. पेनल्टी बॉक्स तेवढाच राहतो, आक्रसतो तो कडेचा पट्टा. मैदान ५५ मीटरचं असेल तर १३.८४ मीटरचा पट्टा ७.३४ मीटरचा होतो. विंगर टचलाइनला चिकटून उभा राहिला तरी समोरचा बॅक त्याच्यापासून चार पावलांवर असतो, म्हणजे रुंदी धरून काही ताणलं जात नाही आणि आतली जागाही उघडत नाही. अशा मैदानावर बॅकला बाहेरच ठेवा. पावसानंतरच्या जड, खड्ड्यांच्या मैदानावर मधले आडवे पास चिखलात थांबतात, तेव्हाही तसंच.

सरावासाठी मैदानाचा डावा अर्धा भाग घ्या: ३४ मीटर रुंद, ४० मीटर लांब. आपले सहा जण: दोन सेंटर-बॅक, डावा बॅक, पिव्होट, डावा आठ नंबर, डावा विंगर. समोर पाच जण: स्ट्रायकर, उजवा विंगर, दोन मध्यरक्षक, उजवा बॅक. प्रत्येक वेळी खेळ सेंटर-बॅकपासून सुरू करा. आपल्या विंगरने किंवा आठ नंबरने शेवटच्या १० मीटरच्या पट्ट्यात तोंड पुढे करून चेंडू घेतला तर १ गुण. आपल्या मागच्या रेषेवर दोन छोटे गोल ठेवा, एक मध्यावर, एक टचलाइनजवळ. समोरच्यांनी चेंडू जिंकला की ६ सेकंदांत गोल करायचा: मधल्या गोलला १ गुण, कडेच्या गोलला २. कडेचा गोल महाग ठेवल्यामुळे डावा सेंटर-बॅक आपोआप बाहेर सरकायला शिकतो आणि आत आलेला बॅक पहिल्या सेकंदात चेंडूवर जातो. ४ मिनिटांच्या ५ फेऱ्या, मध्ये ९० सेकंद विश्रांती. तिसऱ्या फेरीनंतर मुलं दमतात आणि विंगर आत यायला लागतो. तिथे खेळ थांबवून त्याला पुन्हा रेषेवर उभं करा.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा एवढंच करा. मग सामन्यात फक्त पहिली २० मिनिटं बॅकला आत येऊ द्या आणि चेंडू सुटण्याच्या प्रत्येक क्षणी मागची माणसं मोजून लिहून ठेवा. पाचाचा आकडा सलग तीन सामने टिकला की वेळ वाढवा.